बादलीतली मोहरी

१९ जानेवारी, रविवार

ही डायरी सेठला औषधाच्या दुकानातून फुकट आली. त्यानं मला दिली आणि म्हणाला, कौन से बक्से को क्या किया, लिखता जा. दोन पानं तसं लिहिलं. मधमाशांच्या पेट्यांबद्दल लिहिण्यासारखं फार काही नसतं. ऊन पडलं की माशा बाहेर जातात, ऊन उतरलं की आत येतात. म्हणून आता माझंच लिहितो. सेठला मराठी येत नाही.

पहिल्या पानावर नाव लिहायचं असतं. चंद्रशेखर. घरी शेखर. गाव संग्रामपूरच्या बाजूला. शिक्षण सातवी, आठवी अर्धी. सध्या मुक्काम राजस्थानात, भरतपूरच्या पुढं, सरसोच्या शेतात तंबू टाकून. सरसो म्हणजे मोहरीच. आपल्याकडं डब्यात राहते तेवढीच पाहिली होती. इथं जिकडं पाहावं तिकडं पिवळं. पहिले आठ दिवस बरं वाटलं. आता डोळ्याला त्रास होतो.

याच्या आधी पंजाबात धानाच्या मंडीत होतो. त्याच्या आधी सुरत. त्याच्या आधी विजेचे टॉवर. एका जागी माझं चित्त लागत नाही.

दीपमालेला फोन लावला. उचलला नाही. दिवाळीपासून ती माहेरीच आहे, देऊळघाटला. आमची लेक महामाया तिथंच गेली. आम्ही माया म्हणायचो. नुकती भिंत धरून चालायला लागली होती. ताप आला आणि गेली. मी पंजाबातून पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. लहान लेकरू कोणी फार वेळ ठेवत नाही.

शेवटचं बोलणं नोव्हेंबरात झालं. मी म्हणलो, 'मन लहान नको करू. आपल्याले दुसरं होईन.' तिनं फोन ठेवून दिला. त्यात मी काय वाईट बोललो ते अजून समजलं नाही. सगळेच तसं म्हणत होते.

२२ जानेवारी

एका पेटीतली राणीमाशी मेली. जवळ कान नेला की कळतं, आतला आवाज बदलतो. एकसारखा हुंकार, तुटत नाही. सेठनं दुसरी राणी आणून जाळीच्या डबीत ठेवली. म्हणाला, दो-तीन दिन में भूल जाएँगी.

मी आज चार वेळा त्या पेटीपाशी जाऊन आलो. कामात लक्ष नव्हतं. दोन डंख बसले.

२७ जानेवारी

आज शंकररावांचा फोन आला. शंकरराव म्हणजे दीपमालेचे मामा. गावात त्यांचा शब्द चालतो. लग्नही त्यांनीच जमवलं होतं.

म्हणाले, 'शेखर, माघ पुनवेले बैठक ठेवली. पोरगी तुह्या घरी येत नाही म्हणते. येऊन जाय अन् काय ते मोकळं कर. फारकतीचा कागद मी लिहून ठेवतो.'

'ती सोता म्हणली का?'

'सोता काही म्हणत नाही, हाच तर तरास हाय. येतं का म्हणलं तर मान हालवते. तिच्या मायले रात्रंदिन घोर. असं लटकवून ठेवणं बरोबर नाही ना बावा.'

मी हो म्हणलो. दुसरं काय म्हणणार. फोन ठेवल्यावर आठवलं की मामा, कागद नका लिहू, असं म्हणायचं होतं. परत लावला, तर बिझी.

मोईज म्हणाला, 'चेहरा काऊन असा केला बे?' मोईज देऊळघाटचाच. त्याच्यामुळंच मला हे काम लागलं. त्याला सांगितलं. त्यानं मोठा श्वास घेतला आणि चहा ठेवला. चांगला आहे तो, पण दूध जास्त टाकतो.

२ फेब्रुवारी, वसंत पंचमी

आज इकडं मोठा सण. सेठच्या घरून पिवळा भात आला. गावातल्या बायका पिवळ्या ओढण्या घेऊन आल्या आणि बांधावरची सरसो तोडून देवीला घेऊन गेल्या. जाताना गात होत्या.

मी मोईजला म्हणलो, 'पाह्य, आपल्याकडं फोडणीत टाकतात अन् इथं देवाले वाहतात.'

'दिल्लीत दर्ग्यावर बी वाहतात,' तो म्हणाला. तो तीन वर्षं दिल्लीला तंदूरवर होता. 'मी पाह्यलं ना. सगळे पिवळे फेटे बांधून, हातात सरसो घेऊन, गात गात.'

'तुमच्यात कायले?'

'एक पीर होते, बहुत पुराने. त्यायचा लाडका भाचा मेला. पीरसाहेबानं हसनंच सोडून देल्लं. कोणाशी बोलत नाही, जेवत नाही. लोकं समजावून थकले. त्यायचा एक चेला होता. त्यानं अशाच बायका पाह्यल्या रस्त्यानं. त्यानं काय केलं, पिवळी ओढनी घेतली डोक्यावर, हातात सरसो, अन् नाचत गेला पीरापाशी.'

'मंग?'

'मंग पीरसाहेब हसले. तवापासून दरसाल नेतात. म्हणजे ज्याच्या घरचं मानूस गेलं त्याच्याकडं हे फूल न्यायचं. आता उठा म्हनावं. बहार आली.'

मी त्याला ते दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्या वेळेस वैतागला.

मला झोप लागत नाही असं नेहमीच होतं, पण आज निराळं आहे. दिवाळीपासून पहिल्यांदा काय करायचं ते समजलं आहे. साडी नेली तर ती घडी पण मोडणार नाही. पैसे दिले तर आईच्या हातात देईल. फूल मी तिला कधीच दिलं नाही, लग्नातला हार सोडून.

५ फेब्रुवारी

सेठ सुटी देत नव्हता. म्हणाला, बहार के टाइम कौन छुट्टी लेता है. मी म्हणलो, बायकोला फुलं द्यायची आहेत. तो हसला. मग त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं. म्हणाला, बारह तारीख के बाद नहीं आया तो दूसरा आदमी रख लूँगा.

मोईजनं अक्कल दिली. 'तोडून नको नेऊ, घंट्याभरात मान टाकते. मुळासकट उपट. माती राहू दे. ओलं बारदान गुंडाळ अन् मधाच्या बादलीत उभी कर.'

तसंच केलं. शेताच्या मालकाला विचारून कोपऱ्यातली चांगली भरगच्च झाडं उपटली. बादलीत उभी केली तर कमरेच्या वर गेली.

'अन् पिवळी ओढनी?' मोईज म्हणाला.

'मले नाचता येत नाही बे.'

'तिच्या मामासमोर नाचशीन तं तेच हसतीन.'

७ फेब्रुवारी, गाडीत

मथुरेहून जनरल डबा. बादली दोन पायांच्या मध्ये धरली आहे. बसायला जागा मिळाली नाही, संडासाच्या दाराला टेकून आहे. जो जातो त्याचा धक्का बादलीला लागतो. दर धक्क्याला फुलं गळतात. मी हातानं वरून आडोसा करतो, तर हातानंच गळतात.

एका बाईनं विचारलं, भाजी कैसे दी? मी म्हणलो, विकायची नाही. तिनं तरी चार पानं खुडून घेतली. म्हणाली, इतना सारा अकेला क्या करेगा.

झाडूवाला आला. खाली सगळं पिवळं झालेलं. त्यानं मला शिव्या दिल्या आणि फुलं लोटून बाहेर टाकली. मला त्याचा राग यायला पाहिजे होता. मी नुसता पाहत राहिलो.

आता शेंड्यालाच थोडी उरली आहेत. खाली सगळ्या हिरव्या शेंगा आहेत. शेतात पाहताना त्या शेंगा दिसल्याच नव्हत्या. फुलांमुळं दिसत नाहीत.

बादलीतलं पाणी मी गाडीच्या नळाचं टाकतो. प्यायला विकत घेतलेलं पण थोडं टाकलं.

८ फेब्रुवारी, देऊळघाट

सगळं बिघडलं. जसं झालं तसं लिहितो, म्हणजे कुठं बिघडलं ते सापडेल.

मलकापूरला उतरलो. बुलढाण्यापर्यंत एसटी. कंडक्टरनं बादली टपावर टाक म्हटलं, मी नाही म्हणलो. घाटात मांडीवर घेऊन बसलो. देऊळघाटला फाट्यापासून पायी.

सासू अंगणात तुरीच्या शेंगा बडवत होती. जनकाबाई तिचं नाव, मी मामी म्हणतो. मला पाहून तिनं पदर नीट केला.

'आले का जवाई. पुनवेले यायचं होतं ना?'

'आधीच आलो. दीपा कुठं हाय?'

'हाय घरात. हे काय आणलं बादलीत?'

'मोहरी. दीपासाठी.'

मामीच्या हातातली काठी थांबली. 'कोणं सांगतलं तुमाले?'

'काय?'

'हे आणाले कोणं सांगतलं? शंकररावनं? का विहारातल्या बायकाइनं?'

'कोणंच नाही. माह्या मनानं आणली. फुलं हायेत. गाडीत गळाले थोडे.'

ती माझ्याकडं पाहतच राहिली. तेवढ्यात दीपमाला दारात आली. मी तिला ओळखलं नसतं. गालाची हाडं वर आली आहेत. तिनं बादलीकडं पाहिलं. खाली बसली. मला वाटलं वास घेईल. तिनं एक शेंग तोडली, नखानं उकलली, आतले दाणे तळहातावर घेतले. हिरवे, बारीक.

'मोहरी हाय हे?' ती म्हणाली. तीन महिन्यांनी तिचा आवाज ऐकला.

'हाव. म्हणजे फुलं...'

तिनं माझ्याकडं वर पाहिलं. 'तुमी बी?'

एवढंच. दाणे पदराला पुसले, आत गेली, कडी लावली.

मी दारापाशी उभा राहून पीराची गोष्ट सांगायला लागलो. मोठ्यानं सांगितली. शेजारचे बाहेर आले. चेल्यानं ओढणी घेतली इथपर्यंत आलो आणि पुढं बोलता आलं नाही. मामी म्हणाली, 'जा आता जवाई. पुनवेले या, बैठकीतच बोला.'

मोईजच्या घरी उतरलो आहे. त्याच्या आईनं, गुलनार खालानं, विचारलं काय झालं. तिला सांगितलं तर म्हणाली, 'अरे बेटा, पीरसाहब सरसो देखके थोडी हसे होंगे. वो पागल नाचते आया इसलिए हसे.' मग जबरदस्तीनं दोन भाकरी खाऊ घातल्या.

बादली तिथंच अंगणात राहिली.

९ फेब्रुवारी

सकाळी मामी स्वतः आली. खालाच्या ओसरीवर बसली. चहा घेतला नाही.

'तुमाले खरंच माहीत नाही?'

'काय माहीत नाही मामी?'

'मोहरीचं.'

मी मान हलवली. मग तिनं सांगितलं, शिकवल्यासारखं, खाली पाहत. एका बाईचं लेकरू मेलं. तिला ते पटेना. काखेत घेऊन भगवंतापाशी गेली, याला उठवा म्हणे. भगवंत म्हणाले, मूठभर मोहरी आण, पण ज्या घरात आजवर कोणी मेलं नाही अशा घरची. बाई घरोघर फिरली. मोहरी सगळ्यांकडं होती. तसं घर कुठंच नव्हतं. मग तिला समजलं.

'मायाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजीनं हेच तर सांगतलं. तुमी कुठं होते?'

'मागं. चहाचं पाहत होतो.'

'तवापासून जे बाई दारात येते ते मोहरी घेऊनच येते. अंगणवाडीवाली आली, तिनं सांगतलं. शेजारीण आली, तिनं सांगतलं. शंकररावनं तं तीनदा. सगळे चांगल्यासाठीच सांगतात. मी बी सांगतलं एक दिवस, माह्यानं पाहवलं नाही म्हणून. तिनं उठून डब्यातली सगळी मोहरी उकिरड्यावर नेऊन ओतली. तवापासून आमच्या घरी जिऱ्याची फोडणी हाय.'

मग तिनं वर पाहिलं. 'अन् तुमी बादलीभर आणली.'

मी म्हणलो, 'मामी, मी हसावं म्हणून आणली.'

'माहीत हाय,' ती म्हणाली. 'काल तुमी दारात उभे राहून सांगतलं ते ऐकलं मी. पर तिनं कान झाकले होते.'

ती गेल्यावर मोईजला फोन लावून शिव्या दिल्या. तो म्हणाला, 'मले काय माहीत बे तुमच्यात काय असते.' मी म्हणलो, मलेच माहीत नव्हतं. त्यानं फोन ठेवला नाही. मागून पेट्यांचा आवाज येत होता.

त्या दिवशी भंतेजींच्या समोर बसून ऐकलं असतं तर. चहा कोणीही पाहिला असता.

१० फेब्रुवारी

बसस्टँडवर दोनदा जाऊन परत आलो. दुसऱ्या वेळेस गाडीत चढलो होतो. सुटायच्या आधी उतरलो.

सगळं अंग नुसतं पळ पळ म्हणतं. पुनवेनंतर कुठं जायचं ते डोक्यात चालूच आहे. सुरतचा मुकादम ठेवून घेईल. टॉवरवाले पण. कुठंही जाता येतं, हीच गोष्ट वाईट आहे.

१२ फेब्रुवारी, माघ पौर्णिमा

बैठक मामीच्या ओसरीवर झाली. विहारातून वंदना करून लोक सरळ तिकडंच आले. शंकरराव पांढऱ्या कपड्यांत, खिशात कागद. चार म्हातारी माणसं, दोन बायका. दीपमाला उंबऱ्याच्या आत, भिंतीला पाठ लावून. अंगणात माझी बादली तशीच. झाडं आडवी पडली होती.

शंकररावांनी मला विचारलं, काय म्हणणं आहे. मी म्हणलो, मला कागद नको. माझ्याकडून काही चुकलं असेल तर सांगा. त्यांनी दीपमालेला विचारलं. ती बोलली नाही.

मग ते समजावायला लागले. आवाज मऊ होता. 'पोरी, भगवंतानं त्या बाईले मोहरी आणाले काऊन धाडलं...'

'मामा,' दीपमाला म्हणाली. सगळ्यांनी वळून पाहिलं. 'मले एक इचाराचं हाय. तुमाले पुरी गोष्ट येते का?'

'येते ना.'

'मोहरी नाही भेटली. मंग त्या बाईनं लेकराचं काय केलं?'

शंकरराव थोडे अडखळले. 'काय केलं म्हणजे. नेऊन ठेवलं मसनात.'

'कोणं?'

'तिनंच.'

'तिनं सोता नेलं ना? तिच्या हातानं?' तिचा आवाज चढला नव्हता. 'तुमी मले नेऊ देल्लं का? बायका जात नाहीत म्हणे. माह्या काखेतून घेतलं अन् गेले तुमी. तीन महिने मले मोहरी सांगून राह्यले, अन् मसनात तिनंच नेलं, हे कोणं सांगतलं नाही. मले माह्यी पोट्टी कुठं हाय ते बी माहीत नाही.'

एका म्हाताऱ्यानं घसा साफ केला आणि तसाच थांबला.

मग ती माझ्याकडं वळली. 'अन् हे तं जाऊन पाहून आले असतीन. पर मले एका शब्दानं सांगतलं नाही. दुसरं होईन म्हणे.'

मी म्हणलो, 'मले बी माहीत नाही.'

'काय?'

'कुठं हाय ते. मी आलो तवा सगळे परतले होते. मले कोणं दाखवलं नाही. अन् मी इचारलं नाही.'

'पाच दिवस होते तुमी इथं.'

'हाव.'

'एक डाव बी इचारलं नाही?'

'नाही.'

मला वाटलं आता ती आत जाईल आणि कडी लावेल. ती उंबऱ्यातच उभी राहिली, माझ्याकडं पाहत. तिला हे माहीतच नव्हतं. तीन महिने तिला वाटत होतं की मला जागा माहीत आहे.

ती खाली उतरली, चप्पल घातली. 'मामा, चला. दाखवा.'

एक बाई म्हणाली, 'अवो, आता भर उन्हाचं...' मामीनं तिला हातानं गप्प केलं.

शंकरराव पुढं, मी मागं, ती माझ्या मागं. गावाच्या खालच्या अंगाला नाल्याकाठी जागा आहे. मोठ्यांना जाळतात ती अलीकडं, लहानांची पलीकडं, झुडपांत. शंकरराव आत गेले, फिरले, परत आले, पुन्हा गेले. दिवाळीनंतर एक पाऊस झाला होता, वरून गुरं चरून गेलेली. सगळं सपाट.

'या दगडापाशी,' ते म्हणाले. मग दहा पावलांवर एका बोरीकडं पाहत राहिले. 'नाही तं त्या बोरीखाली. घाई होती पोरी. आमी चारच मानसं होतो. मले वाटलं ध्यानात राहीन.' डोळ्यांना रुमाल लावला. त्यांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, मी रस्त्यावर थांबतो, आणि गेले. कागद त्यांच्या खिशातच होता.

मी काय करावं ते मला सुचेना. पाय निघायला पाहत होते.

दीपमाला दगडापाशी जाऊन खाली बसली, मांडी घालून. माती हातानं सारखी केली. मी तिच्याजवळ जायला लागलो तर तिनं मान हलवली.

'इथं नको,' ती म्हणाली. 'तुमी बोरीपाशी बसा.'

मला आधी समजलं नाही. जाऊन बसलो. काटे होते. तिथून मला तिची पाठ दिसत होती. बसल्यावर बऱ्याच वेळानं समजलं की दोघांपैकी एक जण तरी मायाजवळ बसला आहे. कोण ते कळायला मार्ग नव्हता. मी हात जमिनीवर टेकवले.

ऊन उतरेपर्यंत बसलो. एवढा वेळ एका जागी मी आयुष्यात बसलो नाही.

१३ फेब्रुवारी

सेठचा फोन दोनदा येऊन गेला. उचलला नाही. मग मोईजचा आला, पेट्या चंबळकडं हलवतात म्हणे, तुझ्या जागी कोणी आणला आहे. मी म्हणलो, बरं.

शंकररावांनी कागदाचं काही कळवलं नाही. दीपमाला घरी येते असंही म्हणाली नाही.

सकाळी मामीनं निरोप पाठवला. गेलो तर दीपमाला चप्पल घालून उभी होती. दोघंच गेलो. नाल्यापाशी पोचल्यावर म्हणाली, 'आज मी बोरीपाशी बसते. तुमी दगडापाशी जा.'